एक अंशाचं ‘गरम’ पाणी

अंटार्क्टिकाचा बर्फ वितळतोय म्हटलं की डोळ्यांपुढे उन्हात पाझरणारा हिमकडा येतो. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीचं दुखणं मात्र पोटाखाली आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठी ही हिमनदी. तिचं टोक समुद्रावर तरंगतं आणि त्याखाली जेमतेम 1 अंश सेल्सिअसचं पाणी शिरतं.

एवढ्या गार पाण्याने बर्फ वितळतो? खारं पाणी उणे 1.9 अंशाला गोठतं. शिवाय दाबामुळे दर किलोमीटर खोलीला गोठणबिंदू आणखी पाऊण अंश उतरतो. त्या हिशेबाने हे पाणी चांगलंच ‘गरम’. मग ते वर का येत नाही? इतक्या थंडीत पाण्याचं वजन तापमानापेक्षा मिठावर ठरतं. हे पाणी जास्त खारं, म्हणून जड. ते तळातल्या घळींमधून सरपटत बर्फाखाली पोचतं.

आता खरी गंमत. 1 किलो बर्फ वितळायला जो अप्रकट उष्मा लागतो, तो द्यायला सुमारे 80 किलो पाण्याने एकेक अंश गमवावा लागतो. साचलेलं पाणी लवकरच दमलं असतं. पण वितळलेलं पाणी गोडं, हलकं. ते बर्फाच्या तिरक्या छताला घासत वर चढतं आणि मागे ताजं खारं पाणी ओढून घेतं. चुलीचा धूर वर गेला की खालून वारा शिरतो, तसंच. वितळणंच पुढच्या वितळण्याला सरपण पुरवतं!

छत सपाट असेल तिथे मात्र गोडं पाणी सायीसारखं चिकटून बसतं. 2020च्या जानेवारीत बर्फात पाडलेल्या सुमारे 600 मीटर खोल भोकातून आइसफिन नावाचा यंत्रमानव खाली सोडला, तेव्हा सपाट भागात वितळणं अपेक्षेपेक्षा संथ आढळलं. भेगांत आणि पायऱ्यांसारख्या कडांवर मात्र ते जोरात चालू होतं.

तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, हा ग्लासातल्या बर्फाचा दाखला बरोबरच. पण तरंगतं टोक मागच्या बर्फाला अडसर असतं. तो निघाला की जमिनीवर टेकलेला बर्फ समुद्राकडे वेगाने सरकतो. त्यात थ्वेट्सखालची जमीन आतल्या बाजूला उतरत जाते, म्हणजे पाण्याला आत शिरायला उतारच.

‘पाच वर्षांत मुंबई बुडणार’ असले फॉरवर्ड खुशाल पुसून टाका. सगळी थ्वेट्स संपली तर जगभर पातळी सुमारे 65 सेंटिमीटर वाढेल, आणि त्याला शतकं लागतील. तरी एक खोच आहे: बर्फाचा डोंगर स्वतःच्या गुरुत्वाने भोवतालचं पाणी ओढून धरतो. तो घटला की ते पाणी सैल होतं आणि वाढीचा सरासरीहून थोडा मोठा वाटा उत्तरेकडच्या समुद्रांना मिळतो. अरबी समुद्र त्यातच येतो.