खेळण्यांच्या खोलीतला घोळ : झॉम्बी मोडची पार्श्वभूमी

मराठीत झोंबी म्हणजे झटापट, आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या झॉम्बी मोडला, म्हणजे उठून आलेल्या मेलेल्यांशी लढायच्या जोडखेळाला, तो अर्थही चपखल बसतो. हैतीच्या दंतकथा, जुने काळे-पांढरे चित्रपट हे सगळं बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते नोव्हेंबर 2008 मध्ये, मालिकेतल्या ‘वर्ल्ड अ‍ॅट वॉर’ या गेमपासून.

दुसऱ्या महायुद्धाची गंभीर मोहीम संपायची, श्रेयनामावली सरकून जायची आणि खेळाडू काही न सांगता एका अंधाऱ्या बंकरमध्ये येऊन पडायचा. हातात एक पिस्तूल, खात्यात 500 पॉइंट. खिडकीला फळी ठोकली की 10, झॉम्बीला गोळी लागली की 10. समोरच्या दारावर ‘हेल्प’ असं खरडलेलं, ते उघडायला 1000. स्टुडिओतल्या काही जणांनी फावल्या वेळात जुळवलेला हा प्रयोग. खऱ्या युद्धाच्या खेळाला असली शेपूट जोडावी की नाही, यावर आत बरीच घासाघीस झाली होती म्हणतात. ‘नाख्ट देर उंटोटेन’ या त्या पहिल्या मॅपला (खेळायच्या जागेला) कथा नव्हतीच, आणि कोणाला तिची उणीवही भासली नाही.

कथा आली ती 2009 च्या तीन मॅपांतून. ‘फेर्‌युक्ट’मध्ये वीज चालू करायचा खटका आणि पर्कची, म्हणजे जादा ताकद विकत देणारी यंत्रं आली. ‘शी नो नुमा’च्या दलदलीत डेम्पसी, निकोलाई, ताकेओ आणि रिख्टोफेन ही खेळाडूंची चार पात्रं पहिल्यांदा दिसली. ‘देर रीझे’च्या कारखान्यातल्या रेडिओ-ध्वनिमुद्रणांनी बाकीचं सांगितलं : ग्रुप 935 ही शास्त्रज्ञांची संघटना, तिचे प्रमुख मॅक्सिस, त्यांची मुलगी समांथा, तिची कुत्री फ्लफी, आणि टेलिपोर्टरमधून ती राक्षसी होऊन परतल्यावर बापलेकीला तिच्यासकट कोंडणारा रिख्टोफेन. मेलेल्यांना उठवणारं द्रव्य म्हणजे मूलद्रव्य 115. हा आकडा हवेतून आलेला नाही. उडत्या तबकड्या याच मूलद्रव्यावर चालतात, असा दावा 1989 मध्ये एका माणसाने अमेरिकी टीव्हीवर केला होता. खरं 115 पुढे प्रयोगशाळेत तयार झालं, 2016 मध्ये त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळालं, आणि ते सेकंदभरही नीट टिकत नाही!

गंमत अशी, की यातलं बरंचसं मागाहून चिकटवलेलं आहे. मॅपमधल्या नशिबाच्या पेटीतून हत्याराऐवजी टेडी निघायचा आणि पोरीचं हसू ऐकू यायचं, ती आधी नुसती खोडी होती. पुढे ते हसू समांथाचं ठरलं, पडेल त्या बक्षिसाची घोषणा करणारा आवाजही तिचाच ठरला. 2011 च्या ‘मून’ या मॅपमध्ये झॉम्बींवर हुकमत असलेल्या तिच्या जागी रिख्टोफेन बसला आणि घोषणांचा आवाजच बदलला. ठिगळ लावावं तर असं.

सगळा वाद आहे तो ऑगस्ट 2013 च्या ‘ओरिजिन्स’ या मॅपचा. काळ 1918, उत्तर फ्रान्समधलं उत्खनन, डोक्यावरून चालणारे अजस्र यंत्रमानव आणि तेच चौघे, पण तरुण नि वेगळ्या स्वभावाचे. मुख्य कोडं सुटलं की पडद्यावर एक खोली येते. समांथा आणि एडी नावाचा मुलगा बसून खेळताहेत, हातात त्या चौघांच्या बाहुल्या. बाहेर भोंगा वाजतो. म्हणजे पाच वर्षांचं सगळं रामायण दोन पोरांचा भातुकलीचा खेळ होता? काहींना हा शेवट फार भावला. माझ्या मते ती पळवाट होती : कथा अंगाशी आली की ‘पोरं खेळत होती’ म्हणून मोकळं व्हायचं. निर्मात्यांनाही ते पचलं नसावं, कारण ‘ब्लॅक ऑप्स 3’ या पुढच्या गेममध्ये ती खोली म्हणजे विश्वाबाहेरचं एक खरंखुरं घर ठरवलं गेलं आणि बाहुल्यांना पुन्हा माणूसपण मिळालं.

त्यातून नावांचा गुंता झाला. 2009 पासूनचे चौघे ‘अल्टिमिस’, म्हणजे शेवटचे. 2013 मध्ये आलेले ‘प्रायमिस’, म्हणजे पहिले. खेळणाऱ्याला जे आधी भेटले ते शेवटचे, नंतर भेटले ते पहिले. कथेतल्या काळाप्रमाणे हे बरोबर आहे, कारण 1918 आधी येतं. तरी नव्या माणसाला समजावताना दर वेळी कागदावर दोन रेघा ओढाव्या लागतात.

सप्टेंबर 2019 च्या ‘टाग देर टोटेन’ या मॅपमध्ये प्रायमिसमधल्या निकोलाईने दोन्ही चौकड्यांना विष दिलं. मग समांथा आणि एडीने त्यालाही संपवलं, आणि ती दोघं हात धरून नव्या जगात चालत गेली. अकरा वर्षांचं खातं बंद झालं. पण 2020 च्या ‘कोल्ड वॉर’ या गेमने पहिल्याच मॅपसाठी पुन्हा तोच ‘नाख्ट’चा बंकर काढला आणि त्याच्याखाली एक भलीमोठी प्रयोगशाळा खणून दाखवली.