लिंड वॉर्ड आणि शब्दांवाचून कादंबरी

शिकागोत जन्मलेला लिंड वॉर्ड (१९०५–१९८५) लग्नानंतर लगेच, १९२६ साली, बायकोसह युरोपात गेला. लाइपझिगच्या ग्राफिक कला अकादमीत हान्स अलेक्झांडर म्यूलरकडे तो लाकडावरचे कोरीवकाम शिकला. तिथेच बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरेलचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. त्यात गोष्ट होती, शब्द नव्हते.

वॉर्ड फळीवर कोरत नसे. खोडाच्या आडव्या छेदावर कोरी. फळीवर तंतूंना आडवे कापले की कपच्या निघतात. आडव्या छेदावर ब्युरिन, म्हणजे कोरायचे टोकदार हत्यार, कुठल्याही दिशेला फिरते, त्यामुळे केसाएवढी बारीक रेघही साधते. छापताना कोरले ते पांढरे, उरले ते काळे. शिवाय छापताना चित्र उलटते, म्हणून ते उलटेच काढायचे. एक रेघ चुकली तर तेवढा भाग भोक पाडून काढायचा, लाकडाची खुंटी ठोकायची, पृष्ठभाग सपाट करून पुन्हा कोरायचे.

त्याची पहिली निःशब्द कादंबरी, १३९ चित्रांचे ‘गॉड्स मॅन’, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात आले. तरी चार वर्षांत वीस हजारांवर प्रती खपल्या. चित्रे फक्त उजव्या पानावर, डावे पान कोरे. दोन चित्रांमध्ये काय घडले ते वाचकाने पान उलटताना जुळवायचे.

ही जुळवाजुळव पुढच्याच ‘मॅडमन्स ड्रम’मध्ये (१९३०) डळमळली. पात्रे वाढली, आणि शब्द नसले की पात्राची ओळख चेहऱ्यावरच टिकते. हा चेहरा दर ठोकळ्यावर नव्याने कोरावा लागे. जरा बदलला की ‘हा तोच का?’ म्हणून वाचक मागची पाने चाळू लागतो. ‘वाइल्ड पिलग्रिमेज’मध्ये (१९३२) वॉर्डने आणखी एक पेच सोडवला: बाहेरचे जग काळ्या शाईत, नायकाच्या मनातले तांबूस. मथळ्याविना स्वप्न आणि वास्तव वेगळे कळते. आमच्या मते त्याची सर्वांत हुशार युक्ती हीच.

मधली दोन पुस्तके छोटी आहेत. ‘व्हर्टिगो’ (१९३७) मात्र २३० चित्रांचे. मंदीच्या काळातली तीन माणसे: मुलीची गोष्ट वर्षांनी सरकते, म्हाताऱ्या उद्योगपतीची महिन्यांनी, मुलाची दिवसांनी. एकाच संकटाला तीन वेग मिळतात.

मग वॉर्ड मुख्यतः इतर पुस्तकांच्या चित्रांकडे वळला. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचे अमेरिकेतले कॅल्डेकॉट पदक १९५३ मध्ये त्याला मुलांच्या ‘द बिगेस्ट बेअर’साठी मिळाले, त्यात शब्द आहेत. १९७३ च्या ‘द सिल्व्हर पोनी’त ते पुन्हा गळाले, पण ती चित्रे लाकडावरची नाहीत. लाकडावर सुरू केलेली आणखी एक निःशब्द कादंबरी अपुरीच राहिली. ती २००१ मध्ये आहे तशी छापली गेली.