स्पन सिल्क आणि पुनर्जनित रेशीम: पेळू आणि सोऱ्या

पतंग बाहेर पडला की रेशीमकोषाला भोक पडतं आणि अखंड धागा निघेनासा होतो. असे फुटके कोष, दोन अळ्यांनी मिळून केलेले जोडकोष, रीलिंगमध्ये, म्हणजे कोषावरून अखंड धागा उलगडताना, निघणारा गुंता, या सगळ्या मालाचं पुढे दोन तऱ्हांनी रेशीम होतं. बाजारात मिळतं ते स्पन सिल्क. प्रयोगशाळेत होतं ते रिजनरेटेड सिल्क, म्हणजे पुनर्जनित रेशीम. माल तोच, तंतूवरचा डिंक काढण्याची पहिली पायरीही तीच, आणि इंग्रजीत दोन्ही कामांना ‘स्पिनिंग’च म्हणतात. म्हणून घोळ होतो.

मराठीत तो सहज सुटतो. स्पन सिल्क म्हणजे पेळूवरून कातलेलं सूत. पुनर्जनित रेशीम म्हणजे सोऱ्यातून पाडलेली कुरडई: आधी चीक, मग धार, मग वाळवण. कताईत अळीने घडवलेला तंतू शाबूत राहतो. दुसऱ्या रीतीत तंतू विरघळून जातो, फक्त त्याचं प्रथिन हाती उरतं आणि तंतू नव्याने घडवावा लागतो.

कताईचं काम गिरणीला ओळखीचं आहे. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात सेरिसिन हा डिंक काढायचा, माल वाळवून मोकळा करायचा, विंचरून लांब तंतू वेगळे करायचे, पेळू करून पीळ द्यायचा. सूत ज्योतीवरून झपाट्याने नेलं की बाहेर आलेली लव जळते. विंचरताना पडणारा आखूड माल म्हणजे नॉइल. पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर तंतूवर बसतो, म्हणून मृदू पाणीच घ्यावं.

पुनर्जनित रेशमाची खरी परीक्षा डिंक काढतानाच सुरू होते. ५ ग्रॅम चिरलेले कोष, २ लिटर उकळतं पाणी, ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, ३० मिनिटं. मग शुद्ध पाण्यात तीनदा, दर वेळी २० मिनिटं धुणं. वाळल्यावर साधारण ३.६ ग्रॅम फायब्रोइन, म्हणजे तंतूचं मूळ प्रथिन, उरतं. ही ३० मिनिटं घड्याळ लावून मोजा. जास्त उकळलं तर प्रथिनाच्या साखळ्या तुटत जातात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कताईवाला तंतूची लांबी सेंटीमीटरमध्ये जपतो, इथे रेणूची लांबी जपायची असते. ती गेली की पुढचा धागा कितीही काळजीने काढा, ठिसूळच होतो.

पुढे लिथियम ब्रोमाइड या मिठाचं ९.३ मोलर तीव्रतेचं द्रावण. दर ग्रॅम फायब्रोइनला ४ मिली, म्हणजे इथे १४.४ मिली. तंतू बीकरच्या तळाशी दाबून बसवा, वरून द्रावण ओता, ६० अंश सेल्सिअसला ४ तास ठेवा. मधासारखं पारदर्शक, पिवळसर द्रावण झालं पाहिजे. दोरे शिल्लक राहिले तर आधी मिठावर संशय घ्या: लिथियम ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे वजन बरोबर भरूनही द्रावण सौम्य होतं. नाहीतर डिंक नीट निघालेला नसतो.

मग डायलिसिसच्या नळीत (मीठ बाहेर जाऊ देणाऱ्या पण प्रथिन अडवणाऱ्या पडद्याच्या नळीत) भरून शुद्ध पाण्यात ४८ तास, पाणी सहा वेळा बदलायचं. मीठ निघून जातं आणि ७-८ टक्क्यांचं फायब्रोइन द्रावण राहतं. ते घुसळू नका, फेस येऊ देऊ नका. ताण पडला की साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट थर रचतात आणि द्रावणाची जेली होते, ती परत पाण्यात विरघळत नाही. धागा काढताना सुई तुंबते तीही याच गुणामुळे. फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवलं तरी द्रावण लवकर वापरलेलं बरं.

कुरडईचा चीक पातळ असेल तर तार तुटते, इथेही तसंच. अळीच्या ग्रंथीत प्रथिन साधारण २५ ते ३० टक्के असतं. त्यापुढे ७-८ टक्के फारच पातळ. म्हणून द्रावण आटवतात, किंवा गोठवून सुकवून फॉर्मिक आम्लात पुन्हा विरघळवतात. बारीक सुईतून धार मिथेनॉलमध्ये सोडली की धागा गोठतो. काम हवा खेचणाऱ्या कपाटातच करा. मिथेनॉल विषारी आहे. ओला असतानाच धागा ताणून मूळ लांबीच्या काही पट करायचा, कारण साखळ्या एका दिशेला लागतात त्या याच वेळी. न ताणलेला धागा वाळला की बोटात मोडतो.

ओळखायचं कसं? जाळून नाही. दोन्ही प्रथिनंच, दोन्हींना जळक्या केसांचा वास. (कागदासारखा वास आला तर ते आर्ट सिल्क, म्हणजे व्हिस्कोस.) सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहा: स्पन सिल्कमधल्या प्रत्येक तंतूला तुती रेशमाचा गोल कोपऱ्यांचा त्रिकोण दिसतो. पुनर्जनित धाग्यात तो नसतो. सुईतून आल्यामुळे छेद गोल किंवा वेडावाकडा, कधी आत पोकळ्या.

साडीसाठी पुनर्जनित धागा काढण्यात अर्थ नाही. अळीने केलेला मजबूत तंतू मोडून आपण बहुधा कमजोर तंतू करत असतो. त्याचा उपयोग शरीरात वापरायच्या जाळ्या, पापुद्रे, औषध धरून ठेवणारे साचे यांत आहे, कारण द्रावणाला हवा तो आकार देता येतो. आणि हे सगळं तुतीच्या रेशमापुरतं. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसरचं फायब्रोइन वेगळं, ते याच लिथियम ब्रोमाइडमध्ये नीट विरघळत नाही. टसरचे फुटके कोष हाती असतील तर ते कताईलाच द्यावेत, किंवा हाताने ओढून घिचा, म्हणजे जाडाभरडा धागा, करावा.