कृष्णविवरं: शंभर वर्षांच्या शंकेची पार्श्वभूमी

प्रकाशही सुटू नये इतकं प्रचंड गुरुत्वाकर्षण असलेलं कृष्णविवर खरंच असतं का, असं आज कुणी विचारलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण विसाव्या शतकात ही शंका घेणाऱ्यांत खुद्द आइन्स्टाइन होते, आणि त्यांची शंका बिनबुडाची नव्हती.

कल्पना तशी जुनी. सूर्याइतक्याच घनतेचा, पण व्यासाने पाचशेपट मोठा तारा असेल तर त्याचा प्रकाश त्याच्यापासून सुटणार नाही, असं जॉन मिशेल यांनी १७८३ मध्येच मांडलं होतं. पुढे ते विस्मरणात गेलं. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांचं आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाच्या (गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताच्या) समीकरणांचं उत्तर प्रसिद्ध झालं आणि एका ठराविक त्रिज्येपाशी (हीच श्वार्झशिल्ड त्रिज्या) गणित बिघडताना दिसलं. हा दोष निसर्गाचा नसून मोजमापाच्या पद्धतीचा आहे, हे नीट उलगडायला १९५८-६० उजाडलं.

मधल्या काळातला वाद मात्र रंगतदार आहे. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत भारतीय शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी सांगितलं की, सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड तारा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहान, दाट अवशेष) होऊन स्थिरावू शकत नाही. लगेच नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले. मग तर तो आकुंचन पावत काही किलोमीटरचा होईल आणि प्रकाशही आत कोंडला जाईल, असं ते म्हणाले. हे कृष्णविवराचं अचूक वर्णन झालं! पण त्यांना ते हास्यास्पद वाटलं. ताऱ्याचं असं काही होऊ न देणारा नियम निसर्गात असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आइन्स्टाइन यांनी १९३९ मध्ये गणितच मांडलं. वर्तुळाकार कक्षांत फिरणाऱ्या कणांचा पुंजका लहान लहान होत गेला, की कणांचा वेग वाढतो; श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या दीडपटीवर तो प्रकाशाच्या वेगाला भिडतो. म्हणून त्याहून लहान पुंजका अशक्य. गणित चोख होतं, निष्कर्ष फसला, कारण पुंजका कायम तोललेला राहील हे त्यात गृहीतच होतं. कोसळणाऱ्या ताऱ्याचं काय? ते उत्तर त्याच वर्षी ओपनहायमर आणि स्नायडर या भौतिकशास्त्रज्ञांनी दिलं: तो त्या त्रिज्येच्याही आत कोसळत जातो. तेव्हाच महायुद्ध सुरू झालं आणि विषय मागे पडला.

१९६३ मध्ये क्वेसार या ताऱ्यांसारख्या दिसणाऱ्या तेजस्वी स्रोतांचं प्रचंड अंतर कळलं (एवढं तेज साध्या ताऱ्यांचं असणं शक्य नव्हतं), १९६५ मध्ये पुरेसा कोसळलेला तारा पुन्हा सावरू शकत नाही हे दाखवणारं पेनरोज यांचं प्रमेय आलं, तेव्हा पारडं फिरलं. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या क्ष-किरण स्रोतावरून हॉकिंग यांनी १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याशी पैज लावली, तीही ते कृष्णविवर नाही अशी! १९९० मध्ये त्यांनी हार मानली. २०१५ मध्ये कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा आली.

तरी वाद संपलेला नाही. आता तो घटना क्षितिजापुरता (जिथून आत गेलेलं काहीच परतत नाही त्या सीमेपुरता) उरला आहे, आणि माझ्या मते खरा वाद तोच आहे. हॉकिंग यांनीच २०१४ मध्ये कायमचं घटना क्षितिज नाकारलं. काहींच्या मते त्या जागी रिकामं क्षितिज नसून एक अतिघन कवच आहे. हे तपासायची वाट भारतीय शास्त्रज्ञ विश्वेश्वरा यांच्या १९७० च्या कामातून निघते: धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमतं आणि झटकन शांत होतं. कवच असेल तर त्यानंतर गुरुत्वीय लहरींचे क्षीण प्रतिध्वनी यायला हवेत. २०१५ च्या नोंदींत ते सापडल्याचा दावाही झाला, पण तो सर्वमान्य झालेला नाही.