चटणीत बर्फ का घालतात?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्राबाहेर पाटी आहे: 'पाट्यावर वाटलेली चटणी मिळेल. मिक्सरमध्ये अन्नाची प्राणशक्ती नष्ट होते.' चटणी झकास असते, मी नेहमी घेतो. प्राणशक्तीचं मात्र पटत नाही. चवीत फरक पडतो हे खरं, पण त्यामागचं कारण चक्क जूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात, मोजता येतं.

मिक्सरचं पातं रिकाम्या भांड्यात मिनिटाला सुमारे १८,००० फेरे मारतं. सहा सेंटिमीटरच्या पात्याचं टोक ताशी २०० किलोमीटरने धावतं! कोथिंबीर चिरायला ऊर्जा किरकोळ लागते. बाकीची ओलं वाटण घुसळण्यात जाते आणि त्याची शेवटी उष्णताच होते. शास्त्रज्ञ जेम्स जूलने १८४० च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून हेच मोजलं होतं.

आता हिशेब. ७५० वॅटचा मिक्सर मिनिटभरात ४५,००० जूल खातो. निम्मी ऊर्जा मोटार तापण्यात गेली असं धरू, उरले २२,५००. अर्धा किलो वाटण, म्हणजे बहुतेक पाणीच, एक अंशाने तापायला साधारण २,१०० जूल लागतात. म्हणजे मिनिटाला दहा-अकरा अंश. मे महिन्यात ठाण्यातलं स्वयंपाकघर आधीच ३५ अंशांवर. दोन मिनिटांत वाटण पन्नाशी ओलांडतं. भांड्याला बुडाशी हात लावून बघा.

पानाच्या पेशी फुटल्या की पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने चटणी काळपट करू लागतं. पातं हवाही आत ओढतं, वर फेस येतो तो तिचाच. त्यात उष्णतेने वास उडतो. पाट्यावर हवा कमी मिसळते आणि माणसाचा हात सलग शंभर वॅटही देत नाही.

म्हणून केटरर बर्फ घालतात. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळताना ३३४ जूल शोषतो. सत्तर ग्रॅम, म्हणजे चार-पाच खडे, मिनिटभराची सगळी उष्णता गिळतात. लिंबू पिळलं की आम्लामुळे ते विकरही मंदावतं.

तेव्हा हात की वीज हा वादच चुकीचा. उडपी हॉटेलातला वेट ग्राइंडर विजेवरच चालतो, पण त्यात दगड सावकाश फिरतात. इडलीचं पीठ फार तापत नाही. चारशे पानांच्या लग्नाची चटणी पाट्यावर वाटा म्हणणाऱ्याने आधी स्वतः वरवंटा धरावा.

वडापावच्या सुक्या चटणीला मात्र बर्फ चालत नाही. खोबऱ्याचं तेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं आणि मिक्सर सलग चालवला की चटणीचा लगदा होतो. तिथे खलबत्ता तरी घ्यावा, नाहीतर मिक्सरचं बटण उलटीकडे दोन-दोन सेकंद फिरवून थांबत थांबत काम करावं, आणि लसूण अगदी शेवटी टाकावा.