नव्व्याण्णव मार्क मिळालेल्या गेममधला उरलेला एक मार्क

परवा रामबागेत आमच्याकडे भाचा आला होता, अकरावीत आहे, आणि मी सहज बोलून गेलो की रेड डेड रिडेम्प्शन २ हा व्हिडिओ गेम मला मधेमधे फार कंटाळवाणा वाटला. झालं! "मामा तुला कळतं का काही, मेटाक्रिटिकवर ९७ आहे त्याला." मेटाक्रिटिक म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी शंभरपैकी मार्कांत दाखवणारी वेबसाइट, म्हणजे विषयच संपला त्याच्यासाठी. आता त्याचं काय चुकलं, तो वाढलाच आकडे बघून, पण गाजलेल्या गेमच्या चुका काढणं हा काही जळकुट्या लोकांचा नवा उद्योग नाही, त्याला पंचवीसएक वर्षांचा इतिहास आहे आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच चुका नंतर बनवणाऱ्यांनीच कबूल केल्यात. म्हणून जरा मागून सांगतो.

आमच्या वेळी इंदूरात रिव्ह्यू वगैरे कोण वाचत होतं, सायबर कॅफेत तासावर बसायचं नाहीतर जेल रोडवरून सीडी आणायची. व्हाइस सिटी सगळ्यांनी खेळला, २००२ चा गेम, पीसीवर २००३ ला आला. आख्खं शहर समुद्रात बेटांवर वसलेलं आणि हीरोला पोहता येत नाही, गाडी पाण्यात गेली की खेळ खलास. आणि ते रिमोटच्या हेलिकॉप्टरने बिल्डिंगमध्ये चार बॉम्ब ठेवायचं मिशन, त्यावर आमच्या गल्लीतली अर्धी पोरं अडकून पडली होती. पण गेमची चूक आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आम्ही म्हणायचो कीबोर्ड खराब आहे. उलट साईज कमी करायला रेडिओ काढून टाकलेलं रिप व्हर्जन खेळून "गेममध्ये गाणीच नाहीत यार" अशी तक्रार मात्र वर्षभर केली, जी गेमची चूकच नव्हती. पोहणं मग त्याच मालिकेतल्या २००४ च्या सॅन अँड्रियासमध्ये आलं, म्हणजे बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीलाही ते खटकलं असणारच.

बाहेर काय चाललं होतं तर मॅगझिनांचं राज्य. जपानच्या फामित्सूत चार जण प्रत्येकी दहापैकी मार्क द्यायचे आणि ४० पैकी ४० मिळवणारा पहिला गेम म्हणजे १९९८ चा झेल्डा, ओकारिना ऑफ टाइम. मेटाक्रिटिकवर तो आजही ९९ वर आहे. आणि त्याच गेममध्ये ते वॉटर टेंपल, पाण्याने भरलेलं कोड्यांचं मंदिर, आहे ज्याचं नाव काढलं की जुने खेळाडू अजून कपाळाला हात लावतात. पाण्याखाली जायला लोखंडी बूट घालायचे, वर यायला काढायचे, आणि प्रत्येक वेळी गेम थांबवून मेनूत जायचं, मग पाण्याची पातळी वरखाली करायची, मग परत बूट. कोडं अवघड होतं ही तक्रार नाहीच, कोडं छान होतं, मेनू वैताग होता. २०११ ला निंटेंडोच्या हातात धरायच्या थ्रीडीएसवर रिमेक आला तेव्हा बूट घालणं एका बटणावर आणलं आणि पातळी बदलायच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत खुणा दिल्या, आणि आयजी आओनुमा, ज्यांनी मुळात त्या गेमची डंजन्स, म्हणजे अशी कोड्यांची ठिकाणं, बनवली होती, त्यांनी त्या बुटांबद्दल जाहीर माफीही मागितली. तेरा वर्षं लागली. तोवर जो कोणी बोलला त्याला "तुला खेळता येत नाही" हेच ऐकावं लागलं.

त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९९८ ला, हाफ-लाइफ आला. गोळीबाराच्या गेमला गोष्ट कशी सांगायची ते त्याने शिकवलं, पण शेवटी हीरो झेन नावाच्या परक्या जगात जातो आणि तिथे नुसत्या तरंगत्या दगडांवर उड्या मारत बसतो. इथल्या सानंद संस्थेचं नाटक बघून आल्यावर आमचे बाबा जिन्यातच सांगतात की शेवटचा अंक ओढलाय, आणि त्यांना कोणी म्हणत नाही की तुम्हाला नाटक कळत नाही. हाफ-लाइफचंही तेच होतं. फॅन लोकांनी ब्लॅक मेसा नावाने तो परत बनवायला घेतला, २०१२ ला आधी झेनशिवायच बाहेर काढला, आणि तो एक भाग नीट करायला एवढा वेळ गेला की पूर्ण गेम यायला २०२० उजाडलं. प्रेमाशिवाय कोणी एवढं करतं का?

२००१ मध्ये मेटाक्रिटिक सुरू झालं आणि तेव्हापासून सगळे रिव्ह्यू एका आकड्यात गोळा व्हायला लागले. आकड्याला वजन किती, तर फॉलआउट न्यू वेगास बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ किंवा जास्त आले तर बोनस मिळणार होता, आले ८४. मुद्दा असा की ज्या रिव्ह्यूवाल्याला गेम थोडे दिवस आधी मिळतो आणि जो धावतपळत संपवतो त्याला चाळिसाव्या तासाला टोचणारी गोष्ट टोचतच नाही, आणि टोचली तरी ती सरासरीत विरघळते.

खरा बदल २००७ ला झाला असं मला वाटतं. बायोशॉक नावाचा गेम आला, मेटाक्रिटिकवर ९६. क्लिंट हॉकिंग स्वतः युबिसॉफ्टमध्ये गेम बनवणारा माणूस, त्याने लिहिलं की हा गेम खेळताना स्वार्थी होण्याची मुभा देतो पण गोष्टीत मात्र तुम्हाला दुसऱ्याची मदत करायलाच लावतो, हे दोन एकमेकांशी भांडतात. त्याने त्याला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हटलं, जड शब्द आहे, पण बग आणि ग्राफिक्सच्या पलीकडे तक्रार करायला पहिल्यांदा भाषा मिळाली. नंतर अनचार्टेड या गेमच्या हसतमुख हीरोला हाच शब्द चिकटला, शेकडो माणसं मारतो आणि पुढच्या सीनमध्ये विनोद करतो. बनवणाऱ्यांनी २०१६ च्या अनचार्टेड ४ मध्ये हजार शत्रू मारल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला चक्क हेच नाव दिलं, म्हणजे टीका ऐकली होती साहेबांनी. त्याच २००७ मध्ये यात्झी नावाच्या समीक्षकाचे फटाफट बोलून सगळ्या गेमची साल काढणारे व्हिडिओ सुरू झाले, आणि त्याला चूक सापडली नाही असा गेम म्हणजे पोर्टल.

पण प्रत्येक तक्रार बरोबरच असते असं मी म्हणत नाही हां. २००५ च्या रेसिडेंट इव्हिल ४ मध्ये बंदूक रोखली की पाय जमिनीला चिकटायचे, लोकांनी शिव्या घातल्या, २०२३ च्या रिमेकमध्ये चालता चालता गोळी मारता येते. मला विचाराल तर जुन्यातली भीती त्या चिकटलेल्या पायांमुळेच होती, काय करणार. झेल्डाच्याच ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये तलवारी तुटतात म्हणून लोक ओरडले, तर निंटेंडोने २०२३ च्या टियर्स ऑफ द किंगडममध्ये तुटणं काढलं नाही, तुटकी काठी आणि दगड जोडून नवीन हत्यार करायची सोय दिली. हे उत्तर मला जास्त आवडलं.

राहिला भाच्याचा रेड डेड. तो म्हणतो संथपणा मुद्दाम आहे, आणि खरंच आहे, हरणाचं कातडं सोलायला वेळ लागू दे, माझं त्यावर भांडणच नाही. माझं भांडण मिशनशी आहे. बाहेर आख्खं जंगल मोकळं, वाटेल तिकडे घोडा पळवा, आणि मिशन सुरू झालं की त्यांनी आखलेली वाट जरा सोडली, मागच्या बाजूने जाऊन बघू म्हटलं, तर मिशन फेल. व्हाइस सिटीतल्या हेलिकॉप्टरला निदान कुठल्या मजल्यावर आधी जायचं ते मला ठरवता येत होतं.