एकाच पिवळ्या पट्ट्यात दोन बाळं: लुकडं कोण, खुजं कोण?

“वजन पिवळ्यात आलंय,” एवढं ऐकून खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी आया अंगणवाडीतून घरी येतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला बळेबळे भरवणं सुरू होतं. सासूबाई केळं कुस्करतात, आत्या औषधाच्या दुकानातून पावडरीचा डबा आणते. वजन कशामुळं कमी आहे हे मात्र कुणी विचारत नाही. कमी वजनामागं दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात: लुकडेपणा आणि खुजेपणा. त्यांची सरमिसळ इतकी रुजली आहे की शिकलेल्या घरांतही तीच ऐकू येते.

वजनाचा आलेख तुम्हाला ठाऊकच आहे. तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी आरोग्य कार्डावर, खाली वय, बाजूला ‘तूक’ म्हणजे कन्नडमध्ये वजन. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. हिरवा पट्टा ठीक, पिवळा कमी, नारिंगी फार कमी. पाच-सहा महिन्यांत जन्माचं वजन दुप्पट, वर्षात तिप्पट, हेही घरच्या आज्जीला पाठ असतं.

पण हा आलेख फक्त वय आणि वजन विचारतो. बाळ किती लांब आहे हे त्याला कळतच नाही. खरी गोम इथं आहे.

दोन मुली घ्या. दोघी बरोबर वर्षाच्या, दोघींचं वजन ६.९ किलो. या वयाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो आणि ७ किलोच्या खाली पिवळा पट्टा लागतो, म्हणजे दोघींचे ठिपके कार्डावर एकाच जागी पडतात. आता दोघींना लांबी मोजायच्या फळ्यावर झोपवा. पहिली भरली ७४ सेंटीमीटर, वर्षाच्या मुलीची अगदी मधली लांबी. इतक्या लांब मुलीचं वजन ९ किलोच्या आसपास हवं. हिची हाडं वयाप्रमाणं वाढली आहेत, अंगावर मात्र मांस नाही. दंड बारीक, बरगड्या दिसतात. ही लुकडी. दुसरी भरली ६७ सेंटीमीटर. या लांबीला मधलं वजन साधारण साडेसात किलो, त्यामुळं ६.९ त्या मानानं चालण्यासारखं. गाल भरलेले, मांड्यांना वळ्या. पण वर्षाच्या मुलीची लांबी ६८.९ सेंटीमीटरच्या खाली गेली की खुजेपणात धरतात. ही खुजी.

पहिलीचं दुखणं बहुतेक अलीकडचं असतं. जुलाब झाले, ताप आला, आई शेतात जायला लागली आणि भरवणं सुटलं. याला थांबून चालत नाही, कारण फार लुकड्या बाळाला साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. आधी डॉक्टरांकडून आजार तपासून घ्या, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं घट्ट अन्न द्या. भाताच्या पेजेवरचं पाणी पाजून पोट भरतं, वजन भरत नाही. त्यापेक्षा मऊ भातात मसुराचं घट्ट वरण आणि चमचाभर तूप कालवा. नीट सांभाळलं तर असं बाळ काही आठवड्यांत अंग धरतं.

दुसरीचं कारण जुनं असतं. पोटात असताना आईला रक्त कमी, जन्माचंच वजन कमी, मग सहा महिन्यांनंतर नुसती पेज आणि बिस्किटं, अधूनमधून जुलाब. लांबी हळूहळू मागं पडते आणि ती महिनाभरात भरून येत नाही. या बाळाला साखर-तूप वाढवून दिलं तर चरबी चढते, उंची नाही. त्याला हवं अंडं, दूध, डाळ, भाजी, स्वच्छ पाणी, आणि हे सगळं महिनोन्‌महिने. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात १२. जे करायचं ते याच काळात.

याची उलटी बाजू तर कुणीच बघत नाही. दुसऱ्या मुलीला पावडर आणि बिस्किटांवर ८.९ किलोवर नेलं की तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यात मधोमध बसतो. घरात समाधान. मुलगी मात्र ६७-६८ सेंटीमीटरवरच, आता जाड आणि खुजी.

“आईबापच ठेंगणे, पोर कुठून उंच होणार?” या वाक्याचा मला मनापासून राग येतो. आज वापरात असलेले आलेख जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये काढले, ते सहा देशांतली मुलं मोजून, आणि त्यांत दिल्लीची मुलंही होती. नीट खाणं आणि निरोगी घर मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात. एकेका बाळात आईबापांचा वाटा असतो, पण वर्षाच्या बाळाला त्यावरून सोडून देऊ नका.

म्हणून वजनाबरोबर लांबी मोजाच. अंगणवाडीच्या टीचरच्या मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आहे. दोन्ही आकडे भरले की त्यात लुकडेपणा आणि खुजेपणा वेगवेगळा दिसतो. तो दाखवायला सांगा, तुमचा हक्क आहे. मोजताना दोघं लागतात: एकानं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हळूच दाबून तळवे सरळ करायचे. गुडघा वाकला की सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सहज जातात आणि बाळ उगाच खुजं ठरतं. दोन वर्षांपर्यंत झोपवून, नंतर उभं करून, उभ्यानं ०.७ सेंटीमीटर कमी भरतं, तेव्हा दोन वर्षांच्या पोराची उंची ‘घटली’ म्हणून घाबरू नका. वजन करताना बेळगावच्या डिसेंबरातही स्वेटर, टोपी आणि ओलं लंगोट काढाच.

खासगी डॉक्टरांच्या वहीत पर्सेंटाईल असतात (शंभर बाळांत आपलं कितव्या जागी), कार्डावर पट्टे. मापायची पद्धत वेगळी, बाळ तेच. त्यात गुंतू नका.

लांबीचा फळा हाताशी नसेल तर सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाला पट्टी लावून घ्या. दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरच्या खाली तर लुकडेपणा, ११.५ च्या खाली तीव्र. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना. दोन्ही पावलांना सूज असेल, अंगठ्यानं दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजनाचा आकडा बघूच नका. सुजेचं पाणीच काट्यावर भरतं. अशा बाळाला पट्टा हिरवा असला तरी लगेच जिल्हा रुग्णालयात न्या.